आभाळातला साठा, आभाळातला येवा

भोर आणि वेल्ह्यातल्या सगळ्या बचत गटांना, चुलीपुढे भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्यांना आणि बांधावर मोबाइलचा रेडिओ लावून बसलेल्यांना आम्हा सगळ्याजणींचा नमस्कार. वेल्ह्याचं नाव कागदावर आता राजगड तालुका झालंय, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जिभेला जुनंच नाव येतं, तेवढं चालवून घ्या.

गटाच्या बैठकीत हिशोब झाल्यावर बारावीला असलेल्या एका पोरीने आम्हाला विचारलं होतं, तारे अजून जन्माला येतात का, की एकदाच सगळे घडून आभाळात टांगले गेले? कुणाला काही सांगता आलं नाही. म्हणून आम्ही पुस्तकं उघडली, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, आणि गेल्या विज्ञान दिनाला गाडी करून जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊन आलो. खोडद का, ते पुढे येईलच. पोरीला उत्तर असं मिळालं : तारे अजून जन्मतात, पण आता फार कमी. एके काळी विश्वात आजच्या सुमारे दहापट वेगाने तारे जन्मत होते. मग ते कमी का झाले, याचा एक मोठा पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडला आहे.

आधी तारा जन्मतो कसा, ते बघू. तारा घडतो वायूचा. त्यातला बहुतेक भाग हायड्रोजन, सगळ्यात हलका वायू. आमच्यातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "म्हंजे सिलिंडरचा गॅस का?" तो नव्हे आजी, सिलिंडरचा वेगळा. हायड्रोजन पाण्यात असतो. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो विरळ पसरलेला असतो. तो थंड झाला की गोळा व्हायला लागतो. तूप गरम असताना ताटभर पसरतं, थंडीत एका जागी थिजतं, थोडंफार तसंच. वायूचा ढग थंड आणि दाट झाला की स्वतःच्याच वजनाने आत आत दबत जातो. दबता दबता मधला भाग तापतो, इतका की तिथली उष्णता कोटभर अंशांवर जाते. तिथे हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो, त्यातून ऊर्जा निघते आणि ढगाचा तारा होतो. आपला सूर्य असाच झाला, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी.

हे आपल्याला अंगणातूनही बघता येतं. मृग नक्षत्र आपण सगळ्या ओळखतो. मृग निघाला की पेरणीची, तरव्याची घाई. पण जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, म्हणून तेव्हा ते नक्षत्र दिसत नाही. ते बघायचं मार्गशीर्ष-पौषात, रात्री नऊच्या सुमारास, पूर्वेला. एका ओळीतले तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटातला बाण. त्या बाणाच्या जरा दक्षिणेला आणखी एक बारीक, फिकी ओळ आहे. तिच्या मधोमध धुरकट डाग दिसतो. दुर्बीण असली तर उत्तमच, नसली तरी अमावस्येच्या आसपास नुसत्या डोळ्याने दिसतो. तो डाग म्हणजे वायूचा ढग आहे आणि त्यात आत्ता तारे जन्माला येत आहेत. आमच्यातल्या ज्यांची गावं तोरण्याच्या पायथ्याला आहेत त्यांना तो सहज दिसला. हायवेजवळच्या बायकांना दिसला नाही. तिकडे हॉटेलांचे दिवे फार.

"आत्ता जन्मत आहेत" म्हटलं खरं, पण त्यात एक मेख आहे. त्या ढगाचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेतेराशे वर्षांच्या आसपास लागतात. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरीही. आपल्या भागातले कितीतरी पुरुष मुंबईला डबे पोचवायला, गोदीत, गिरणीत होते. त्यांचं पत्र आठ दिवसांनी यायचं. पत्रात लिहिलेलं असायचं "मी बरा आहे", पण तो आठ दिवसांपूर्वी बरा होता. ताऱ्यांचा उजेड म्हणजे असंच पत्र. सूर्याचं पत्र आठ मिनिटांपूर्वीचं. जितकं लांब बघावं तितकं जुनं पत्र हाती येतं. त्यामुळे विश्वाच्या लहानपणी काय चाललं होतं, ते बघायला फक्त पुरेसं लांब बघायचं. मागे जाण्याची एवढी सोय दुसऱ्या कुठल्याच शास्त्रात नसेल.

विश्वाचं वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षं. त्यात ताऱ्यांचे प्रचंड समूह आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. आपण राहतो त्या दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला सगळे मिळून एक-दोन सूर्यांच्या वजनाचे तारे घडतात. एवढ्या मोठ्या घरात एवढीशीच निपज. आता जुनं पत्र बघा. पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक दीर्घिका शोधली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बातमी आली. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं होतं, तेव्हाची ही दीर्घिका. तिला आपल्या आकाशगंगेसारखेच भोवऱ्यासारखे वळलेले सुंदर हात आहेत. आणि तिच्यात वर्षाला सुमारे ६३ सूर्यांइतके तारे घडत होते. तिचं नाव ठेवलं अलकनंदा. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयात अलकनंदा-मंदाकिनी या दोन नद्या आहेत, म्हणून ही तिची बहीण. राशी जैन या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनी आहेत, हे पोरींना आम्ही मुद्दाम दोनदा सांगितलं.

अलकनंदा एकटी नव्हती. त्या काळापासून पुढे विश्वात ताऱ्यांची निपज वाढतच गेली. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी तिने शिखर गाठलं आणि मग ती उतरायला लागली, ती आजपर्यंत उतरतेच आहे. हे शास्त्रज्ञांना पंचवीसएक वर्षांपासून माहीत होतं. अडलं होतं ते कारण. हे कोडं नीट मांडायला आम्हाला धरणाची भाषा सापडली.

भोर-वेल्ह्यात धरणं किती, हे तुम्हाला सांगायला नको. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. पावसाळ्यात बातम्यांत तीन शब्द रोज कानावर पडतात : साठा, येवा, विसर्ग. धरणात किती पाणी आहे तो साठा. नदी-ओढ्यांतून आत किती येतंय तो येवा. बाहेर किती सोडलं तो विसर्ग. साडेतेवीस टीएमसीचं भाटघर भरलेलं दिसलं म्हणून कुणी निर्धास्त होत नाही, कारण येवा थांबला आणि विसर्ग चालू राहिला तर उन्हाळ्यात तळ दिसतो. धरणाच्या काठावर राहून चैत्र-वैशाखात हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या आपल्याला हे कुणी शिकवायला नको.

दीर्घिकेचंही तेच आहे. तिच्यातला वायू हा साठा. तारे घडण्यात रोज खर्च होतो तो विसर्ग. आणि बाहेरच्या पोकळीतून नवा वायू तिच्यात ओढला जातो तो येवा. तारे चमकतात, म्हणून जुन्या दीर्घिकांचा विसर्ग दुर्बिणीला मोजता येत होता. साठा मात्र कुणी मोजला नव्हता, कारण हायड्रोजन काही चमकत नाही. आणि साठा माहीत नसेल तर येव्याविषयी बोलणार काय?

न चमकणारा वायू ओळखायचा कसा? तर हायड्रोजन एक बारीकशी रेडिओ लहर सोडतो. तिची लांबी २१ सेंटिमीटर. आपल्या भाषेत एक वीत. अंगठा आणि करंगळी ताणली की होते तेवढी. तुम्ही आत्ता आमचं बोलणं ज्या लहरींवर ऐकताय त्या तीनएक मीटर लांब आहेत, पण जात एकच. विश्व सतत प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबून येणारी लहर वाटेत ताणली जाते. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली वीतभर लहर आपल्याकडे पोचते तेव्हा दुप्पट होते, जवळजवळ हातभर. दोन वितींचा एक हात, ते आपलं जुनं माप. निघताना वीत आणि पोचताना हात. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता.

ही हातभर लहर ऐकायचं यंत्र खोडदला आहे. नारायणगावपासून जवळ. त्याला जीएमआरटी म्हणतात, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. ताटासारख्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधोमध जवळजवळ, बाकी सोळा तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच कान असल्यासारख्या काम करतात. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. आम्हाला वाटलं होतं, तबकडी पत्र्याची असेल. जवळ जाऊन पाहिलं तर दोरांवर ताणलेली तारेची जाळी! वारा आरपार जातो, म्हणून वजन कमी, खर्च कमी. मग लहर गळून जात नाही का, असं आम्ही तिथल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चाळणीचं भोक बोटाएवढं असेल तर त्यातून भोपळा पडेल का? लहर हातभर, भोक बोटभर. उत्तर ऐकून सगळ्याजणी गप्प, आणि मग सगळ्याजणी हसल्या.

आत शिरताना मोबाइल बंद करायला सांगतात. कारण असं की आभाळातून येणारी लहर इतकी क्षीण असते की आपला साधा फोन तिच्यापुढे ढोल वाजवल्यासारखा. डोंगरांच्या आडोशाला, शहराच्या गोंगाटापासून दूर म्हणून ती जागा निवडली. आता तिकडेही टॉवर वाढत चाललेत. आम्ही स्वतः रेडिओवर बोलतो, फोनशिवाय आमचं एक दिवस चालत नाही, तेव्हा टॉवर नकोत असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणणार? पण जगात अशा शांत जागा थोड्या उरल्या आहेत आणि त्यातली एक आपल्या जिल्ह्यात आहे, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

आता मुख्य काम. ते केलं आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलुर यांनी, आणि बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शिव सेठी आणि के. एस. द्वारकानाथ यांनी. चौधरी तेव्हा विद्यार्थी होते. अडचण अशी की इतक्या लांबच्या एका दीर्घिकेच्या हायड्रोजनची लहर खोडदच्या दुर्बिणीलाही ऐकू येत नाही. गोंगाटात बुडून जाते. मग त्यांनी युक्ती केली. जत्रेत एकटी बाई हळू बोलली तर ऐकू येणार नाही. पण हजारो बायकांनी एकाच वेळी एकच शब्द म्हटला तर? जत्रेचा गोंगाट कसाही, कुठलाही असतो, तो एकमेकाला मारतो. शब्द मात्र एकावर एक चढत जातो. प्रत्येक दीर्घिका किती लांब आहे, याची यादी हवाई बेटावरच्या मोठ्या केक दुर्बिणीने आधीच करून ठेवली होती. त्यावरून कुणाची लहर किती ताणली गेली असेल ते कळतं. ते ताण सारखे करून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकावर एक रचल्या. शंभरएक तास दुर्बीण लावून. आणि शब्द ऐकू आला.

यातून एकेकीचा साठा कळत नाही, सरासरी कळते. गटाच्या पेटीत एकूण किती जमलं आणि बायका किती, यावरून दर बाई किती ते काढतो, तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं. त्याच्या महिनाभर आधी, ७ सप्टेंबरला, गोविंद स्वरूप वारले होते.

आता पाटी घ्या. ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांत सरासरी हायड्रोजनचा साठा निघाला सुमारे १,२०० कोटी सूर्यांच्या वजनाचा. आणि विसर्ग? वर्षाला जवळपास आठ सूर्यांचे तारे. १,२०० कोटीला आठने भागा. १५० कोटी वर्षं. म्हणजे नवा वायू आला नाही तर सगळा साठा दीडशे कोटी वर्षांत खलास. तुम्हाला हा काळ फार मोठा वाटेल, पण विश्वाच्या मानाने ही पंधरा दिवसांची शिधाच. आजच्या दीर्घिका सावकाश तारे घडवतात, त्यांचा वायू कितीतरी जास्त काळ पुरेल. तेव्हाच्या दीर्घिकांकडे साठा भरपूर होता, त्यांच्या ताऱ्यांच्या एकूण वजनापेक्षाही थोडा जास्तच, पण खर्च त्याहून दांडगा.

कोडं इथे सुटायला लागलं. साठा एवढा लवकर संपणारा होता, तर तारे घडत राहायला येवा तितकाच जोरात लागणार. आणि ताऱ्यांची निपज नेमकी त्याच काळात घसरते. तेव्हा या शास्त्रज्ञांनी म्हटलं, येवा पुरा पडला नाही. ओढे आटले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे ५१० तास दुर्बीण लावून ११,४१९ दीर्घिका मोजल्या. त्यात ९०० कोटी वर्षांपूर्वीच्या आणि ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिका वेगवेगळ्या तोलून पाहिल्या. मधल्या शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा सरासरी साठा साधारण एक-तृतीयांशावर आला होता. ऑगस्टात काठोकाठ भरलेलं धरण एकाच उन्हाळ्यात गाळाला लागावं, तसं. आम्हाला सगळ्या गोष्टीत हा आकडा सर्वात जास्त लागला. अंदाज सांगणं वेगळं आणि पाणी उतरताना मोजपट्टीवर बघणं वेगळं.

हे ऐकून आमच्या गटात लगेच दोन बाजू पडल्या. एक म्हणाली, या दीर्घिका अगदी उधळ्या, आल्या दिवशी सगळं उडवून मोकळ्या. बचत गटातली बाई दुसरं काय म्हणणार! पण आशाताईंचं काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने तिला अडवलं आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीचा कागद पुढे केला. आपल्या रक्तात लोह कमी म्हणून आपण लाल गोळ्या घेतो. ते लोह आलं कुठून? सुरुवातीच्या विश्वात लोखंड नव्हतंच. हायड्रोजन होता, हेलियम होता, बाकी नावापुरतं. लोखंड घडलं ताऱ्यांच्या पोटात आणि मोठे तारे फुटले तेव्हा. तारे फुटून ते पुन्हा वायूत मिसळलं, आणि त्या मिसळलेल्या वायूतून पुढे आपला सूर्य, आपली पृथ्वी झाली. विळ्यातलं, तव्यातलं, रक्तातलं सगळं लोह त्या जुन्या ताऱ्यांचं आहे. सूर्य जन्मला तो निपज उताराला लागून पाच-सहाशे कोटी वर्षं झाल्यावर. तेव्हा आधीच्यांनी हात आखडता घेतला असता, तर आपल्या वाट्याला काय आलं असतं? पहिलीने हे मान्य केलं, पण "तरी थोडं ठेवायचं होतं" हे म्हणायची राहिली नाही. त्या दोघींचं अजून मिटलेलं नाही.

येवा का आटला, याचं पूर्ण उत्तर अजून हातात नाही. विश्व प्रसरण पावताना आजूबाजूचा वायू विरळ होत गेला, हे एक कारण मानतात. दुसरं असं की मोठ्या दीर्घिकांभोवतीचा वायू तापलेला राहतो आणि तापलेला वायू सहजी आत उतरत नाही. यातलं कुठलं किती, त्यासाठी आणखी जुनी, आणखी क्षीण पत्रं वाचावी लागतील. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात एसकेए नावाची खूप मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. भारत तिच्यात भागीदार आहे आणि पुण्यातल्या याच केंद्राची माणसं तिच्या कामात आहेत.

ज्यांना खोडद बघायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, तेव्हा तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं आणि तबकड्या दाखवतात. शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. वेल्ह्याहून पहाटे निघावं लागतं, पुणे ओलांडायलाच वेळ जातो, पुढे नाशिक रस्त्याने नारायणगाव आणि तिथून खोडद. आम्ही भाकरी-पिठलं बांधून नेलं होतं. ऊन लागतं, पाणी जास्त घ्या. दोन-तीन गटांनी मिळून गाडी केली तर परवडते. जायच्या आधी तारीख-वेळ विचारून घ्या. मुलींना न्या, सासूबाईंनाही न्या. आमच्या गाडीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

आमची वेळ संपत आली. पुढच्या मंगळवारी याच वेळेला नाचणीच्या पापडांबद्दल आणि ते पावसाळ्यात कसे टिकवायचे याबद्दल बोलू. नमस्कार.